मांजराची ओ ओळखायची कशी? नव्यानं मांजर पाळणाऱ्यांसाठी

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या आमच्या जुन्या घरात संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला एक गोष्ट रोज घडायची. चिंगी सोप्यातल्या फडताळावर पाय पोटाखाली घेऊन, डोळे मिटून बसलेली असायची. समोरच्या बोळातून गाड्या जात-येत असायच्या, तिला त्याचं काही नसायचं. पण माझ्या नवऱ्याची गाडी कोपऱ्यावर वळली की चिंगीचा डावा कान, फक्त डावा कान, दाराकडं फिरायचा. डोळे तसेच मिटलेले. गाडी दारात लागेपर्यंत ती खाली उतरून, पुढचे पाय लांब ताणून आळस देऊन, शेपटी उभी करून उंबऱ्याशी हजर.

घरी आलेल्या पाहुण्यांना यातला शेवटचा भाग तेवढा दिसायचा. "भूक लागली असंल," म्हणायचे. तो कान कुणी बघितलेला नसायचा.

नवीन मांजर आणणाऱ्यांचं नेमकं इथंच चुकतं. ओळखीतल्या कुणी पिल्लू नेलं की पंधरा दिवसांत मला फोन येतो, "हाक मारली तरी बघत नाही, याला आमचा लळाच लागेना." लळा लागलेला असतो. मांजर ओ देतं, पण ती बारीक असते, आणि आपण कुत्र्यासारखी धावत येणारी ओ शोधत बसतो. ही बारीक ओ ओळखायची कशी आणि हळूहळू ती वाढवायची कशी, हे इथं क्रमानं सांगते.

पायरी 1: पहिले आठ दिवस काही मागू नका

पिल्लू दोन ते सात आठवड्यांचं असताना माणसाचा हात, आवाज आणि वास त्याच्या ओळखीचा झाला, तर ते पुढं माणसाला फारसं बुजत नाही. म्हणून पिल्लू घेताना रंग बघण्याआधी विचारा की ते कुठं वाढलं, त्याला रोज कुणी हातात घेत होतं का. माळ्यावर जन्मलेलं, दोन महिने माणूस न बघितलेलं पिल्लू वाईट नसतं, पण त्याच्यासाठी आठवडे नव्हे, महिने हाताशी ठेवावे लागतात. आणि लवकर माणसाळावं म्हणून चार आठवड्यांचं पिल्लू आईपासून तोडून आणू नका. निदान आठ आठवडे ते आईजवळ राहू द्या, आणखी राहिलं तर उत्तमच. चावायचं कितपत, खेळताना नखं कधी आत घ्यायची, हे त्याला आई आणि भावंडंच शिकवतात. ते शिक्षण राहिलं की पुढं तुमच्या हातावर ओरखडे दिसतात.

घरी आणल्यावर सगळं घर एकदम मोकळं करू नका. एकच खोली द्या. एका कोपऱ्यात पाणी आणि खाणं, लांबच्या कोपऱ्यात वाळूची पाटी. एक बुट्टी आडवी करून तिच्यात जुन्या वाकळेचा तुकडा घाला, म्हणजे लपायला जागा झाली. पिल्लू पलंगाखाली गेलं तर ओढून काढू नका. लपायला मिळालं की ते लवकर धीट होतं. ओढून काढलेल्या पिल्लाला तुमच्या हाताची भीती तेवढी लक्षात राहते.

तुम्ही काय करायचं? दिवसातून तीन-चार वेळा खोलीत जाऊन जमिनीवर बसायचं. उभं राहू नका, त्याच्या नजरेनं तुम्ही नारळाच्या झाडाएवढे असता. त्याच्याकडं तोंड न करता थोडं आडवं बसा, पेपर वाचा, हळू आवाजात बोला. ते जवळ आलं तर एक बोट वाकवून त्याच्या नाकाच्या उंचीवर, नाकापासून वीतभर लांब धरा आणि थांबा. वास घेऊन त्यानं गाल घासला, तर तुम्हाला पहिली ओ मिळाली. वास घेऊन निघून गेलं, तर तेही उत्तरच आहे. संध्याकाळी पुन्हा बसा.

घरात लहान पोरं असतील तर हीच पायरी सगळ्यात अवघड जाते. पोरांना सांगायचं एकच: "ते आलं तर हात लावायचा, आपण जायचं नाही." माझ्या भाचीनं सहा वर्षांची असताना हे तंतोतंत पाळलं. घरातल्या मोठ्यांपेक्षा चिंगी तिच्याकडं आधी गेली.

पायरी 2: कान, शेपटी, पापण्या वाचायला शिका

शेपटीपासून सुरुवात करा, कारण ती लांबूनही दिसते. शेपटी सरळ उभी आणि टोक किंचित वाकडं, प्रश्नचिन्हासारखं, असं मांजर तुमच्याकडं येत असेल तर ते तुम्हाला रामराम घालतंय. पिल्लं आईकडं अशीच शेपटी उभी करून जातात. बसल्या जागी शेपटीचं फक्त टोक हलत असेल, तर मन कशात तरी गुंतलंय किंवा नको वाटायला लागलंय. सगळी शेपटी डावी-उजवी आपटायला लागली की हात मागं घ्या. कुत्रा शेपटी हलवतो ते आनंदानं, ही आपल्या डोक्यात पक्की बसलेली समजूत मांजराच्या बाबतीत ओरखडे काढून देते.

कान पुढं असले तर लक्ष आहे, बाजूला आडवे पडले तर धाक वाटतोय, मागं चिकटले तर आता थांबा. एक कान तुमच्याकडं आणि बाकी सगळं अंग तसंच, ही मांजराची रोजची ओ. दिवसात पन्नास वेळा मिळते आणि आपण पन्नास वेळा हुकवतो.

आता पापण्या. मांजराकडं टक लावून बघणं म्हणजे त्याच्या भाषेत दम देणं. म्हणूनच घरात चार पाहुणे बसले की ज्याला मांजर अजिबात आवडत नाही, जो मुद्दाम दुसरीकडं बघत असतो, त्याच्याच मांडीवर ते जाऊन बसतं. बाकी तिघं त्याच्याकडं एकटक बघत हाका मारत असतात. उलट, अर्धवट डोळे मिटून सावकाश उघडझाप करणं म्हणजे 'तू असताना मला धोका नाही'. ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 साली हे तपासून बघितलं. मालकानं मांजराकडं बघून सावकाश डोळे मिटले की मांजरंही जास्त वेळा डोळे बारीक करत होती. इतकंच नाही, तर असं करणाऱ्या अनोळखी माणसाच्या हाताजवळही ती जास्त सहज जात होती.

घरी करून बघा. मांजर शांत बसलेलं असताना, जेवणाच्या वेळी नव्हे, पाच-सहा फुटांवर बसा. डोळे थोडे बारीक करा, मग सावकाश मिटा, दोन सेकंद मिटलेले ठेवा, सावकाश उघडा आणि नजर जराशी बाजूला करा. दोन-तीनदा करा आणि थांबा. चिंगी आधी एकदम थिजल्यासारखी बघायची. मग तिच्या पापण्या खालून-वरून जवळ यायच्या, मध्ये हिरवट रेघ तेवढी उरायची, आणि मग तीही मिटायची. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी चुलीवरचं दूध विसरले होते. आजही घरात कुणी आजारी असलं, वातावरण जड असलं, तर मी तिच्यासमोर बसून हे करते.

पायरी 3: नाव एकदाच घ्या

मांजराला आपला आवाज ओळखू येतो का? येतो. जपानमध्ये 2013 साली 20 पाळीव मांजरांना त्यांच्याच घरात ध्वनिमुद्रित हाका ऐकवल्या. आधी तीन परक्या माणसांच्या, मग मालकाची. परक्यांच्या हाकांना मांजरं हळूहळू सरावली, प्रतिसाद कमी होत गेला. मालकाची हाक आली आणि कान, मान पुन्हा फिरली. उठून मात्र फारसं कुणी आलं नाही. मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपली तक्रार आणि तिचं उत्तर दोन्ही त्यात आहे. मांजरानं ऐकलंय, ओळखलंय, आणि यायचं की नाही ते स्वतः ठरवलंय.

2019 साली जपानमधल्याच संशोधकांनी दाखवलं की मांजरांना स्वतःचं नावही इतर शब्दांतून वेगळं काढता येतं. याची घरगुती आवृत्ती तुम्हाला करता येईल. तुमच्या मांजराच्या नावाएवढेच चार शब्द निवडा. चिंगीसाठी मी निवडले होते वांगी, भेंडी, गाडी, चटणी. मांजर जागं पण निवांत असताना, त्याच्याकडं न बघता, एकाच सुरात एकेक शब्द म्हणायचा आणि मध्ये दहा-पंधरा सेकंद थांबायचं. 'वांगी'ला कान हलला, 'भेंडी'ला थोडा हलला, 'गाडी'ला नाही, 'चटणी'ला नाही. मग त्याच सुरात 'चिंगी'. दोन्ही कान आणि मान. ते बघताना अंगावर काटा येतो.

नाव शिकवायची पद्धत अशी. नाव छोटं ठेवा, दोन-तीन अक्षरी, आणि घरातल्या सगळ्यांनी तेच वापरा. आई 'मने' म्हणते, बाबा 'माऊ' म्हणतात, पोरं इंग्रजी नाव ठेवतात, आणि मग तक्रार की ओळखत नाही. नाव घेतल्याबरोबर एक-दोन सेकंदांत काहीतरी चांगलं मिळालं पाहिजे: उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा, नाहीतर हनुवटीखाली खाजवणं. दिवसातून पाच-सहा वेळा, आधी हातभर अंतरावरून, मग खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून, मग दुसऱ्या खोलीतून. दोन-तीन आठवडे लागतात.

दोन गोष्टी मात्र कटाक्षानं टाळा. एक, दहा वेळा नाव घेणं. "चिंगे, ए चिंगे, ये की गं, चिंगे" हे चालू राहिलं की नाव म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांसारखा आवाज होतो, कान हलायचाच बंद होतो. एकदा घ्या, थांबा. दुसरी, नाव घेऊन बोलवायचं आणि औषध पाजायचं, नखं कापायची, आंघोळ घालायची. त्या कामांसाठी हाक न मारता तुम्ही स्वतः उठून तिच्याकडं जा. हाकेचा विश्वास एकदा गेला की परत मिळवायला फार दिवस जातात.

आवाजाच्या सुराचाही फरक पडतो. लहान बाळाशी बोलतो तसं मांजराशी लाडिक बोलायला काही जणांना संकोच वाटतो, विशेषतः घरातल्या पुरुषांना. संकोच सोडा. फ्रान्समध्ये 2022 साली 16 मांजरांवर केलेल्या अभ्यासात मालकाचं मांजराशी बोलणं आणि मालकाचं दुसऱ्या माणसाशी बोलणं मांजरांनी वेगळं ओळखलं. परक्या माणसाच्या बाबतीत त्यांना असा फरक जाणवला नाही. म्हणजे तुमचा लाडिक सूर ही तुमच्या दोघांतलीच बोली आहे.

मांजर पांढरंशुभ्र आणि दोन्ही डोळे निळे असतील, तर अशा मांजरांत जन्मजात बहिरेपणा पुष्कळ आढळतो. ते झोपलेलं असताना मागून टाळी वाजवून बघा. ऐकू येत नसेल तर फरशीवर पायानं हळूच थाप मारून किंवा दिवा लावून-मालवून बोलवता येतं. अशा मांजराला बाहेर मोकळं सोडू नका.

पायरी 4: हात कुठं, किती

गाल, हनुवटीखाली, कानांच्या बुडाशी. बस. याच भागांत मांजराच्या वासाच्या ग्रंथी असतात, म्हणून ते स्वतःहून गाल आणि कपाळ तुमच्या पायाला, दाराच्या चौकटीला घासतं. तुम्ही त्याच्या कळपातले आहात, हे त्या वासानं ते लिहून ठेवतं. पोट आणि शेपटीचं बूड बहुतेक मांजरांना नको असतं. तुमच्यासमोर उताणं पडून पोट दाखवणं म्हणजे विश्वास. पोट चोळायचं आमंत्रण म्हणून ते घेऊ नका. हात घातला की चारही पाय हातावर बसतात, आणि मग 'उलटं मांजर आहे' असं नाव पडतं.

तीन-चार सेकंद कुरवाळा आणि हात थांबवा. मांजरानं डोकं हाताखाली सारलं तर पुढं चालू. नाही सारलं तर झालं. ही एक सवय लावून घेतलीत तर चावणारी म्हणून बदनाम झालेली निम्मी मांजरं सुधारतील असं मला मनापासून वाटतं.

हातानं खेळू नका. पिल्लू असताना बोटं चावलेली गोड वाटतात, बोका झाल्यावर तीच बोटं रक्ताळतात. दोरीला कापड बांधा आणि खेळ झाला की दोरी उचलून ठेवा, कारण गिळलेला दोरा आतड्यात अडकतो. लस न दिलेल्या किंवा बाहेरच्या मांजरानं चावलं, ओरबाडून रक्त काढलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. पिल्लाचं लसीकरण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतं आणि रेबीजची लस साधारण बारा आठवड्यांनंतर देतात. यात चालढकल नको.

पायरी 5: खाण्यातून नातं, पण आपलं ताट नव्हे

कोल्हापुरात रविवारी घरोघरी मटण शिजतं आणि मांजर चुलीभोवती घुटमळतं. त्याला तांबडा रस्सा नको, पांढराही नको. तिखटापेक्षा मोठी भीती कांद्या-लसणाची आहे. त्यानं मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. फोडणीच्या आधी, नुसतं शिजवलेलं दोन तुकडे मटण बिनमिठाचं, हाड काढून बाजूला ठेवा. रविवारचा त्याचा वाटा तोच. शिजवलेली हाडं टोकदार तुटतात, तीही नकोत.

दुधाचं तर फारच मनावर घेतात लोक. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन वाढलेल्या माणसाला 'मांजराला दूध देऊ नका' हे पटणार कसं? पण मोठ्या मांजरांपैकी बहुतेकांना दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात. दूध-भाकरीवर तर मांजर ठेवूच नका. त्याला लागणारं टॉरिन नावाचं पोषकद्रव्य मुख्यतः मांस-मासळीतून मिळतं. ते कमी पडलं तर डोळे जातात, हृदय दुबळं होतं. पेढ्याचा तुकडाही नको, मांजराच्या जिभेला गोड चव कळतच नाही.

खाणं ठरलेल्या वेळी, ठरलेल्या माणसानं, नाव घेऊन द्या. पण लळा फक्त खाण्याचा असतो, हे खरं नाही. अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठात 2017 साली मांजरांपुढं खाणं, खेळणं, वास आणि माणसाची सोबत असे पर्याय ठेवले. जवळपास निम्म्या मांजरांनी माणूस निवडला. त्याच विद्यापीठानं 2019 साली पिल्लांना अनोळखी खोलीत दोन मिनिटं मालकाबरोबर, दोन मिनिटं एकटं आणि पुन्हा दोन मिनिटं मालकाबरोबर ठेवलं. मालक परत आल्यावर 64 टक्के पिल्लं त्याच्याजवळ येऊन सावरली आणि मग निवांत खोली बघायला लागली. आईला बिलगून पुन्हा खेळायला पळणारं पोर जसं, तसंच.

पायरी 6: म्याव आणि घुर्र

मोठी मांजरं एकमेकांशी म्याव फारच कमी करतात. ते बोलणं मुख्यतः आपल्यासाठी आहे, आणि प्रत्येक मांजर आपल्या घरापुरती एक बोली तयार करतं. ढब्बू, आमचा बोका, दार उघडायला एक छोटी 'म्यँ' करतो आणि पाण्याची वाटी रिकामी झाली की लांबलचक, शेवटाला वर चढणारी. आठवडाभर वहीत टिपून ठेवा: आवाज कसा होता, मांजर कुठं उभं होतं, नंतर काय हवं होतं. तुम्हाला तुमच्या घराचा शब्दकोश मिळेल.

घुरघुर नेहमी सुखाची नसते. दुखत असलेलं मांजरही घुरघुरतं. आणि खायला मागताना काही मांजरं घुरघुरीत एक उंच, रडका सूर मिसळतात. ससेक्सच्याच संशोधकांनी 2009 साली हे दाखवलं. मांजर कधीच न पाळलेल्या माणसांनाही तो आवाज निकडीचा वाटला.

पहाटे पाचला हाच सूर तुमच्या कानाशी आला तर? एकदा उठून खायला दिलंत तर संपलं, ती वेळ ठरली. मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला सगळ्यात चपळ असतं, त्याला इलाज नाही. रात्री झोपण्याआधी पंधरा मिनिटं दमवून खेळवा, मग रात्रीचं जेवण द्या. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप हा त्यांचा क्रम आहे, तो रात्रीकडं सरकवता येतो. आधी चार-पाच दिवस ओरडा जास्त वाढतो, तेव्हा घरातलं कुणी विरघळता कामा नये. आमच्याकडं सासूबाई विरघळायच्या. शेवटी त्यांच्याच हातानं रात्रीचं जेवण द्यायला लागलो, तेव्हा जमलं.

मारण्या-ओरडण्यानं मांजर शिकत नाही. गादीवर मुतलेलं तासाभरानं सापडलं आणि मांजराचं नाक तिथं नेऊन घासलं, तर त्याला एवढंच कळतं की तुम्ही कधीकधी भयंकर होता. त्याऐवजी पाटी बघा: स्वच्छ आहे का, खाण्यापासून लांब आहे का, दोन मांजरांना तीन पाट्या आहेत का. जागा फिनेलनं पुसू नका. त्यातली फिनॉलसारखी द्रव्यं मांजराचं यकृत नीट मोडू शकत नाही, आणि ओली फरशी चालून पाय चाटले की ती पोटात जातात. साबणाचं पाणी पुरतं.

पायरी 7: आवाजाच्या दिवसांची तयारी

माणसाला सेकंदाला 20 हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजराला त्याच्या तिपटीहून अधिक. आता त्या कानांनी आपल्या पेठांची कल्पना करा. विसर्जनाची मिरवणूक, दिवाळी, आणि शाहू स्टेडियमवर पेठेचा फुटबॉल संघ जिंकला की गल्लीच्या तोंडाला लागणाऱ्या फटाक्यांच्या माळा.

एका अनंत चतुर्दशीला ढब्बू कपाटामागं गेला तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाहेर आला नाही. मी बॅटरी लावून बघितलं तर बुबुळं डोळाभर पसरलेली, अंग भिंतीला दाबलेलं, आणि साऊंडच्या प्रत्येक ठोक्याला पाठीवरची कातडी थरथरत होती. नाव घेतलं. कानही हलला नाही. घाबरलेलं मांजर हाकेला उत्तर देत नाही, तेव्हा हाका मारत राहणं म्हणजे भीतीत भर. मी नुसती कपाटाशेजारी पाठ टेकून बसले.

तेव्हापासून आम्ही दुपारीच तयारी करतो. रस्त्यापासून लांबची, शक्यतो आतली खोली, खिडक्या बंद, जाड चादर टाकलेली बुट्टी, पाटी, पाणी. पंखा मोठ्यावर. माणसानं जवळ बसायचं, पण ओढून मांडीवर घ्यायचं नाही.

पुराचीही तयारी यातच आली. 2019 आणि 2021 चा पूर ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट पाणी म्हणजे इशारा पातळी आणि 43 फूट म्हणजे धोका पातळी. नदीकाठच्या भागात राहत असाल तर 39 ची वाट बघू नका. मांजर न्यायचा पिंजरा वर्षभर घरात उघडा ठेवा, आत वाकळ, अधूनमधून आतच खाऊ. रोज ज्यात झोपतं त्या पिंजऱ्यात ते घाईच्या वेळी आपण होऊन जातं. माळ्यावरून काढलेल्या, फक्त दवाखान्याच्या दिवशी दिसणाऱ्या पिंजऱ्यात मात्र चार माणसांनाही घालता येत नाही.

ओ बदलली तर

रोज उंबऱ्याशी येणारं मांजर येईनासं झालं, एरवी लांब राहणारं अचानक अंगाला चिकटायला लागलं, कोपऱ्यात पाय आखडून बसलं, तर ते रुसलंय असं समजू नका. मांजर दुखणं लपवतं. बदललेली ओ बहुतेक वेळा एवढीच खूण देते.

ढब्बू तीन वर्षांचा असताना एका सकाळी पाटीत चार-पाच वेळा जाऊन बसला, कण्हला आणि काहीच न करता बाहेर आला. बद्धकोष्ठ असेल म्हणून मी थांबले. दुपारी एका ठिकाणी फोन केला, तिथं 'उद्या घेऊन या' म्हणाले. संध्याकाळी मी हाक मारल्यावर त्यानं मान वळवली नाही. तशीच रिक्षा करून दुसऱ्या डॉक्टरांकडं नेला. मूत्रमार्ग बंद झाला होता. रात्री नळी घालून मोकळा केला म्हणून वाचला. बोक्यांमध्ये हे होतं आणि एक-दोन दिवसांत जीव जातो. बोका पाटीत जोर करतोय आणि लघवी होत नाही, एवढं दिसलं की रात्र असो वा सण, तडक निघा. तसंच, मांजरानं सबंध दिवस काही खाल्लं नाही तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर. आणि घरातली गोळी कधीही देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजर मारायला पुरते.

पायरी 8: घर बदलताना

'कुत्रं माणसाला, मांजर घराला' असं आपल्याकडं म्हणतात, आणि लोक घर बदलताना मांजर मागं सोडून जातात. फार वाईट वाटतं. मांजराला जागेचा वास धरून असतो हे खरं, पण तो वास बरोबर नेता येतो. आम्ही पेठेतून कळंब्याला फ्लॅटमध्ये आलो तेव्हा चिंगी नऊ वर्षांची होती. तिची वाकळ मी महिनाभर धुतली नव्हती. नव्या घरात आधी ती वाकळ, तिची वाटी आणि जुन्या पाटीतली ओंजळभर वाळू एका खोलीत मांडली, मग तिला आणलं, आणि पुन्हा पायरी 1 पासून सुरुवात केली, पिल्लाला करतात तशीच. पहिले चार दिवस ती दिवाणाखाली होती. पाचव्या दिवशी मी जमिनीवर बसून भाजी निवडत होते, तेव्हा कोपरावर गाल घासला गेला.

तुमचं नवं घर बैठं असेल आणि मांजर बाहेर जाणारं असेल, तर निदान तीन आठवडे दार उघडू नका. नाहीतर ते जुन्या घराची वाट धरतं. जुन्या शेजाऱ्यांना सांगून ठेवा, आलं तर खायला घालू नका, फोन करा. मांजराची नसबंदी आधी झालेली असू द्या, नसबंदी न झालेला बोका तर भटकणारच. पहिल्यांदा सोडायचं ते सकाळी, खाण्याच्या आधी, पोट रिकामं असताना. दहा मिनिटं बाहेर. तुम्ही दारातच बसा, खाण्याचा डबा हातात घ्या, नाव एकदाच घ्या, डबा एकदा वाजवा आणि थांबा.